पिशवीत पिशवी

उत्तरेच्या वाळवंटावरून येणारा हरमतानचा कोरडा वारा त्या वर्षी लवकर सुटला आणि हटायचं नाव घेईना. माणसांच्या पोटऱ्या राख फासल्यासारख्या पांढऱ्या पडल्या. फुटलेल्या ओठांना शियाच्या बियांचं लोणी लावून लावून घरोघरची मडकी रिकामी झाली. बाजारात लोक पाणी पिऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या फेकायचे. त्या वाऱ्यावर उडत कुलबिया गावापर्यंत यायच्या आणि कुंपणांच्या काट्यांत अडकून फडफडत राहायच्या. फुलेरा सकाळी उठून आधी त्या सोडवायला जायची. ओढली की पिशवी फाटायची आणि चिंध्या काट्यातच राहायच्या. म्हणून पोराच्या केसातली ऊ काढावी तशी ती एकेक पिशवी हळूच उतरवून घ्यायची.

मग बंधारा. पाणी आटून पार मधोमध गेलं होतं. चिखल तुडवत आत जायचं, दोन घमेली भरून काठावर आणायची. एकात राख कालवायची. पिशव्या उसवून, उलट्या करून त्या पाण्यात चोळायच्या, दुसऱ्या पाण्यात खळबळून झटकायच्या आणि खडकावर पसरून वर दगड ठेवायचे. दगड विसरला की वारा सगळं पुन्हा कुंपणावर नेऊन घालायचा. राखेनं बोटांची पेरं चिरली होती. दिवसभर वाकून पोतंभर माल व्हायचा आणि पोतं डोक्यावर घेतलं की मानेला कळायचंसुद्धा नाही. इतकं राबून काही उचललं आहे असं वाटायचंच नाही.

"वुंपिनीसाठी धुतेस व्हय गं?" पाण्याला आलेल्या एका बाईनं सहज विचारलं.

फुलेराचा हात घमेल्यात थांबला. "वुंपिनीसाठी कशाला? बायकांच्या मंडळासाठी."

"तेच की गं. वुंपिनीच्या ठोकळ्यांसाठी." बाई हंडा उचलून निघून गेली.

वुंपिनी तिची धाकटी जाऊ, नवऱ्याच्या धाकट्या भावाची, इसाहाकूची बायको. आणि ठोकळे म्हटलं की तिचंच नाव निघायचं.

खरं तर सगळं सुरू झालं ते फुलेराच्या शेळीपासून. शेळी फुगून मेली. नवऱ्यानं, नापारीनं, तिचं पोट फाडलं तर आत नारळाएवढा प्लॅस्टिकचा गोळा निघाला. लोकांनी तोंडं वाकडी केली आणि गेले. फुलेरा मात्र तो गोळा धुऊन घरी घेऊन आली. तमाले शहरात एक माणूस पाण्याच्या पिशव्या वितळवून त्यात वाळू घालतो आणि अंगणात घालायचे ठोकळे करतो, असं तिनं ऐकलं होतं. ती स्वतः ट्रकमध्ये बसून गेली, दोन दिवस त्याच्या भट्टीशेजारी उकिडवी बसून राहिली आणि बघून आली. अर्धं पिंप कापून आणलं तिनंच. बायकांना जमवलं तिनंच. मोडक्या मुसळानं ते काळं, चिकट ढवळून ढवळून तिच्या डोळ्यांच्या कडा कायमच्या लाल झाल्या. पण ठोकळा साच्यातून निघायचा आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्याला तडकायचा.

मग वुंपिनी लग्न होऊन घरात आली. बारीक अंगाची, आवाज मऊ. चार दिवस लांबून बघत राहिली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, "अक्का, मी ढवळू जरा?" तिनं ढवळलेला ठोकळा तडकला नाही. त्यावरून बैल गेला, पाण्याची गाडी गेली, तरी तडकला नाही.

तेव्हापासून फुलेराकडे धुणं आणि निवडणं आलं. काय भट्टीत जाईल आणि काय जाणार नाही हे तीच सांगायची. हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पाहुणे यायचे, फोटो काढायचे तो पिंपापाशी उभ्या असलेल्या वुंपिनीचा. सासूसुद्धा आता भेंडीच्या कालवणात मीठ किती घालायचं हे वुंपिनीला विचारायची.

त्या हंगामात मंडळाला मोठं काम मिळालं. बाळंतिणींच्या दवाखान्यापासून रस्त्यापर्यंतची वाट फरसबंद करायची. मागच्या पावसाळ्यात तीनचाकी गाडी त्या लाल चिखलात रुतली होती आणि एक बाई गाडीतच बाळंत झाली होती. मूल जगलं नाही. दवाखान्याची सिस्टर लिडिया दक्षिणेकडची, इथली भाषा मोडकीतोडकी बोलायची, पण बायकांच्या बैठकीत ती उठून एवढंच म्हणाली, "पाऊस यायच्या आत वाट करा. माझ्यासाठी नको, तुमच्यासाठी करा."

मंडळाची पुढारीण अझारा, जिला सगळं गाव मगाजिया म्हणायचं, तिनं मांडीवर थाप मारली. "हुईल. फुलेरा, माल कमी पडू द्यायचा न्हाई."

पण माल कमीच पडत होता. पाण्याच्या पिशव्या होत्या तेवढ्या वेचून झाल्या. आता गावातून पोत्यांमागून पोती यायची ती बिस्किटांच्या, शेवयांच्या, टोमॅटोच्या रश्श्याच्या पाकिटांची. वरून रंगीत, आतून चंदेरी. मसाल्याचं तेल चिकटलेलं. बायका ती कौतुकानं आणून टाकायच्या आणि फुलेराला ती परत करावी लागायची.

"ही बी रबरच की!" एक म्हातारी तणतणली; गावात प्लॅस्टिकला रबरच म्हणत. "आन् ती बी रबरच. तुझं काय जातंय घ्यायला?"

"आजी, ह्यात तीन थर हाईत एकमेकाला चिकटवलेले. एक वितळतो, एक जळतो, आन् चांदीचा तसाच राहतो. ठोकळा फुसका हुतो."

"वुंपिनीला विचार. ती घेईल."

म्हातारी पोतं तिथंच टाकून गेली. अशा पोत्यांचा ढीग फुलेराच्या झोपडीमागे साठत गेला. जाळला तर धूर डोळ्यांत जायचा, पुरला तर पावसात वर यायचा. तमालेतला व्यापारीसुद्धा तो घ्यायचा नाही. उन्हात तो ढीग इतका चमकायचा की बघवायचं नाही.

एका सकाळी नापारी दाराशी बसून शियाच्या लाकडाचा लांब दांडा तासत होता. फुलेरा पाणी आणायला गेली तेव्हा तासत होता, परत आली तेव्हाही. टोकाला त्यानं पसरट पातं काढलं, काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केलं, मग शिया लोणी चोळून उन्हात धरलं. सुंदर चाटू झाला होता. फुलेरानं घमेलं खाली ठेवलं. मोडकं मुसळ आठवून तिला हसू यायला लागलं. इतक्या वर्षांनी का होईना, ह्याच्या ध्यानात आलं.

"जड न्हाई ना झाला?" ती म्हणाली.

"हलकाच केलाय. तिचा हात बारीक हाय ना." नापारीनं चाटू तोलून बघितला. "इसाहाकूला म्हणालो, तुझी बायको त्या मुसळानं किती दिवस ढवळणार? खांदा निखळंल तिचा."

फुलेरानं घमेलं पुन्हा उचललं. घमेल्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पायावर सांडलं. तिचा खांदा त्या मुसळानं कधीच निखळला नव्हता म्हणून कुणाला दिसला नव्हता.

संध्याकाळी वुंपिनी चाटू घेऊन आली. "अक्का, बगा की. भाऊजींनी किती छान केलाय!" तिनं तो दोन्ही हातांनी पुढे धरला. फुलेरानं बघितलं आणि म्हणाली, "छान हाय." रात्री बाजरीच्या पिठाच्या साघिमचा घास तिच्या हातात तसाच राहिला. नवऱ्यानं आपल्यासाठी कधी काय बनवलं होतं ते ती आठवत बसली. कोंबड्यांची डालगी. दाराची कडी. बस.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी सगळं गाव कडुनिंबाखाली पडलं होतं. फुलेरा झोपडीमागे गेली. धारेची पाती घेऊन तिनं चंदेरी पाकिटांच्या पट्ट्या केल्या. धुतलेल्या पाण्याच्या पिशव्या घेतल्या आणि एकेकीच्या पोटात पट्ट्या कोंबून वरून घडी घातली. बाहेरून बघितलं तर स्वच्छ, पांढरी पिशवी. तिच्या हाताला सवय होती. घाम नाकावरून ओघळत होता आणि हात भराभर चालत होते. कुणाचं वाईट व्हावं असं तिच्या मनात नव्हतं, असं ती स्वतःलाच सांगत होती. एकदा, फक्त एकदा, वुंपिनीचा ठोकळा तडकलेला तिला बघायचा होता. पोतं भरलं, तोंड बांधलं आणि निवडलेल्या मालात नेऊन ठेवलं.

भट्टी पेटली. पिंपाखाली लाकडं धडधडली, वाळू चाळून तयार होती, साच्यांना तेल लावून झालं होतं. वुंपिनी चाटू घेऊन उभी राहिली आणि फुलेरा पोत्यातला माल मुठीमुठीनं पिंपात टाकू लागली. आधीच्या पोत्यांतल्या पिशव्या आवळल्या, कोसळल्या, काळ्या मधासारख्या झाल्या. मग ते पोतं आलं.

धूर बदलला. पांढरट होता तो पिवळा-काळा झाला, घशाला चावू लागला. बायका फडक्यांचे बोळे नाकाला लावून मागे सरल्या. पिंपात काहीतरी गुठळ्या धरत होतं.

"अक्का, हे कसंतरीच लागतंय हाताला," वुंपिनी खोकत म्हणाली.

"वाळू टाकू?" फुलेरानं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"थांबा. गुठळी मोडू द्या. न्हाईतर सगळा माल वाया जाईल."

वुंपिनीनं चाटू खोल घातला आणि जोर लावून वर काढला. पात्याला अडकलेला चंदेरी गोळा एकदम सुटला आणि उकळतं काळं उडून तिच्या उजव्या हातावर पडलं, मनगटापासून कोपरापर्यंत. ती ओरडली नाही. फक्त चाटू सोडून खाली बसली आणि हात शरीरापासून लांब धरून राहिली, जणू तो दुसऱ्याचा होता. ते काळं थंड होऊन कातडीला घट्ट बसत होतं. फुलेरानं धावत जाऊन पाण्याचं घमेलं तिच्या हातावर ओतलं. मग दुसरं. मग बंधाऱ्याकडे पळत सुटली.

सिस्टर लिडियानं हात धुऊन, औषध लावून बांधून दिला. चिकटलेलं ओढायचं नाही, बोटं चालतील, पण डाग राहतील, असं ती म्हणाली.

बायकांनी उरलेला माल वाळू घालून तसाच साच्यात ओतला होता. सकाळी साचे उघडले. ठोकळे हातात घेताच तुकडे पडत होते, आणि प्रत्येक तुकड्यात चांदीच्या चकत्या लकलकत होत्या.

मगाजियानं एक तुकडा उचलून सगळ्यांसमोर धरला. "हे कुणी निवडलं?"

सगळ्यांच्या माना फुलेराकडे वळल्या.

"मी निवडलं," वुंपिनी म्हणाली. बांधलेला हात तिनं छातीशी धरला होता. "अक्का दमल्या होत्या. शेवटचं पोतं मीच भरलं. मला नीट कळलं न्हाई. माझी चूक झाली."

बायका हळहळल्या. बिचारी. हात भाजला आन् वरून चूकबी कबूल करते. मगाजियानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. फुलेरा बघत उभी राहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी पुन्हा तोच जळफळाट झाला. ठोकळा तडकला, हात जळला, तरी लोकांच्या तोंडी वुंपिनीच. चूकसुद्धा तिचीच झाली, आणि तिच्या तोंडी शोभली.

दुपारी वुंपिनी अंगणात भिंतीच्या सावलीत एकटी बसली होती. फुलेरा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खोटं कशाला बोललीस?"

वुंपिनीनं वर बघितलं. "पिंपाच्या कडेला एक पिशवी वितळायची राहिली होती. पिशवीत पिशवी. नीट घडी घालून. तशी घडी गावात एकच बाई घालते."

"मग सांगायचं होतंस. मला उपकार नको तुझे."

"उपकार?" वुंपिनी हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "अक्का, तुमाला काय वाटतं, मी चांगली हाय म्हणून बोलले? लई राग आलाय मला तुमचा. रात्रभर हात ठणकत होता आन् मी तुमाला शिव्या घालत होते. पण तुमाला मंडळातनं काढलं तर निवडणार कोण? मला न्हाई कळत त्यातलं. पाण्याची पिशवी आन् पावाची पिशवी मला सारखीच दिसती. लग्न होऊन आले तेव्हापासून हीच भीती हाय मला. सगळे म्हणतात वुंपिनीचा हात, वुंपिनीचा हात. मी काय करते? तुमी देता ते ढवळते. ज्या दिवशी तुमी वाईट द्याल त्या दिवशी वुंपिनी कोण? बघितलंत ना काल."

फुलेरा खाली बसली.

"तुमी गावभर पायानं फिरता," वुंपिनी म्हणाली, "कुंपणाशी, बंधाऱ्याशी, तमालेला एकट्या जाऊन आलात. मी त्या पिंपाला बांधलेल्या बकरीसारखी. मला तुमचा हेवा वाटायचा. आता न्हाई वाटत. आता नुसता राग हाय."

आपला कुणी हेवा करत असेल हे फुलेराच्या कधी मनातही आलं नव्हतं. क्षणभर तिला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लाज वाटली. तिच्या नजरेसमोर तो बांधलेला हात होता. फडक्यातून पिवळं पाझरत होतं.

ती उठली आणि सरळ मगाजियाच्या घरी गेली. तिथं चार बायका शिया फोडत बसल्या होत्या. त्या उठून जाईपर्यंत थांबावं असं तिला वाटलं, पण मग धीर गेला असता.

"ते पोतं मी भरलं. मुद्दाम."

आधी कुणी विश्वास ठेवेना. थोरली जाऊ धाकटीला वाचवते आहे, असं एकजण म्हणाली. तेव्हा फुलेरानं तिथली एक पिशवी आणि बिस्किटाचं पाकीट उचललं, त्यांच्यासमोर पाकिटाच्या पट्ट्या करून पिशवीत कोंबल्या आणि घडी घालून दाखवली. शिया फोडणाऱ्या हातांतले दगड थांबले.

"कशापायी गं?" मगाजियानं विचारलं.

फुलेराला पुष्कळ सांगायचं होतं. शेळी, ट्रक, मुसळ. तोंडून निघालं ते एवढंच, "माझं नाव कुणी घेईना."

मगाजियानं समोरची एक बी उचलली. मग म्हणाली, "आता घेतील." आणि खाली बघून शिया फोडायला लागली. फोडता फोडताच तिनं निकाल दिला. वाया गेलेला सगळा माल फुलेरानं एकटीनं पुन्हा गोळा करायचा, धुवायचा. वुंपिनीचा हात बरा होईस्तोवर ढवळायचंही तिनंच, वुंपिनी सांगेल तसं. आणि वाट पुरी होईल त्या दिवशी तिनं तिथं यायचं नाही.

घरी नापारीला कळलं होतं. जेवण झाल्यावर हात धुताना तो म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर तुलाबी केला असता चाटू. तू मुसळानं ढवळायचीस तर मला वाटलं तुला चालतंय." फुलेरानं भांडी उचलली.

पुढचे दिवस तिनं आजूबाजूच्या गावांची कुंपणं पालथी घातली. बाजाराच्या दिवशी लोकांच्या पायांतून पिशव्या वेचल्या. ओळखीच्या बायका तोंड फिरवायच्या, पोरं "पिशवीत पिशवी!" म्हणून ओरडायची. बंधारा डबक्याएवढा उरला होता. ढवळताना वुंपिनी स्टुलावर बसून सांगायची, तुटक, एकेक शब्द. "जोरात. आता हळू. डोळ्यांनी बघू नका, दांडा जड झाला की वाळू." ठोकळे चांगले निघाले. त्यांना सगळे मंडळाचे ठोकळे म्हणू लागले.

पहिला ढग आला त्याच्या आधी वाट पुरी झाली. त्या दिवशी गाव दवाखान्याकडे गेलं. फुलेरा झोपडीमागे चंदेरी ढिगापाशी बसली. नव्या पोत्यांत पाण्याच्या पिशव्या मिसळलेल्या होत्या, त्या वेगळ्या काढत होती. लांबून ढोल ऐकू आला, मग बायकांनी जीभ हलवून काढलेला तो उंच, थरथरता आनंदाचा आवाज. आता सिस्टर बोलत असेल. आता वुंपिनी पुढं गेली असेल. फुलेराचे हात चालत राहिले, पण कान तिकडेच होते.

कुणीतरी समोर येऊन बसलं. वुंपिनी. नवा झगा, कपाळावर घाम, हातावर गुलाबी, ताणलेली कातडी.

"संपलं व्हय तिकडं?"

"न्हाई. चाललंय अजून."

"मग?"

वुंपिनी ढिगाजवळ सरकली. राग पुरता गेला होता असंही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. तिनं ढिगातून एक पारदर्शक पाकीट उचललं. "हे कुठल्या बाजूला?"

फुलेरा पिशव्या वेगळ्या काढत राहिली. ही पारख एवढीच तर तिच्याजवळ होती. एकदा हिला आलं की दोन्ही कामं हिचीच. ढोल पुन्हा वाजू लागला.

"कानाशी धर," ती शेवटी म्हणाली. "चुरगाळ. कुरकुर करतं ते आपलं न्हाई. आपलं गप्प असतं. मग अंगठ्यानं ताण. मऊ लांबलं तर घ्यायचं."

वुंपिनीनं ते कानाशी धरलं, डोळे मिटले, चुरगाळलं, ताणलं. हिला लगेच येऊ नये, असं फुलेराला मनापासून वाटलं. वुंपिनीनं जरा विचार केला आणि पाकीट पाण्याच्या पिशव्यांच्या ढिगात टाकलं.

चुकलं होतं. फुलेराला बरं वाटलं. मग तिनं हात लांब करून ते पाकीट उचललं, पुन्हा वुंपिनीच्या हातात दिलं आणि म्हणाली, "परत ऐक."